पहिला विडा

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी सरकारांनी सलिमाकडे चष्म्यावरून पाहिलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "आपण कोण?"

सलिमा शिकलगार नऊ वर्षं त्यांच्या खासगीत काम करत होती. खासगी म्हणजे शेळवणकर सरकारांच्या घरचा कारभार. नागाळा पार्कातल्या बंगल्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत तो चालायचा. संस्थान कधीच गेलं होतं, पण माणसं यायची थांबली नव्हती. कुठल्या लग्नाला सरकार स्वतः जाणार, कुठं नुसता आहेर जाणार, कुठल्या पुढाऱ्याच्या शेजारी त्यांची खुर्ची असता कामा नये, जुनी शेरवानी कुणाकडं रफूला टाकायची, हे सगळं सलिमा बघायची. त्याआधी ती शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात टायपिस्ट होती. तिथं भट्टीची धग होती, पण मोठ्यानं हसता यायचं.

"मी शिकलगार, सरकार. ऑफिसातली."

"बरं, बरं." सरकारांनी मान हलवली. "शिकलगार आल्या की त्यांना आत पाठवा. दसऱ्याचं बोलायचं आहे."

ती बाहेर आली आणि व्हरांड्यात खांबाला टेकून उभी राहिली. सरकारांचं हे विसरणं वर्षभर चाललं होतं, पण तिला त्यांनी ओळखलं नाही असं आजवर झालं नव्हतं.

सरकारांच्या विसरण्याची गोष्ट बंगल्यात चौघांनाच ठाऊक होती. आईसाहेब, म्हणजे त्यांच्या पत्नी, पुण्याला राहणारे चिरंजीव रणधीरराजे, चाळीस वर्षं सरकारांच्या दिमतीला असलेला हुजऱ्या बाळासो, आणि सलिमा. फोन आला की सरकार पूजेत आहेत म्हणायचं. कुणी भेटायला आलं तर सरकारांना जरा कणकण आहे म्हणायचं. गोड बोलून माणसं फाटकावरनंच परत पाठवायची. घराण्याचं देवस्थान आणि बंगला यांचे कर्ते सरकार होते, आणि ते सावध नाहीत असं कळलं असतं तर चुलत भाऊबंद दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे राहिले असते. रणधीरराजे हे दर फोनला बजावायचे.

पण दसऱ्याचं काय करायचं? त्या दुपारी बंगल्याच्या सदरेवर जुन्या घराण्यांचे मानकरी जमायचे. सरकार गादीवर बसून एकेकाला नावानं हाक मारायचे, तो पुढं यायचा, मुजरा करून त्यांच्या हातून पानाचा विडा घ्यायचा. हाक सरकारांच्याच तोंडून यायला हवी. आधी कुणाची, मागून कुणाची, यावरून मागच्या पिढीत डोकी फुटली होती.

रणधीरराजे पुण्याहून आले त्या संध्याकाळी आईसाहेबांनी सलिमाला आत बोलावलं.

सलिमा म्हणाली, "आईसाहेब, या वर्षी विडे युवराजांच्या हातून दिले तर? सरकारांची कंबर धरलीय असं मी सगळ्यांना आधीच कळवते."

"आणि काकांचे वकील लगेच दारात," रणधीरराजे म्हणाले. "गेल्या वर्षी आजारी, या वर्षी कंबर. लोक काय खुळे आहेत?"

आईसाहेबांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "सरकार बसतील. सलिमा, तबक घेऊन मागं तू उभी राहा. विडा हातात देताना नाव सांगायचं. त्यांनी ते नुसतं उच्चारायचं."

"मी? सदरेवर? ते काम बाळासोंचं आहे."

"बाळासो कुजबुजला तरी फाटकापर्यंत ऐकू जातं."

सलिमाला हसू आलं नाही. गादीच्या मागं आजवर बाई उभी राहिलेली नव्हती, आणि काही चुकलं तर लोक आधी तिच्या नावाकडं बोट दाखवतील हे तिला न सांगता कळत होतं. पण नाही म्हणायला तिच्याकडं जागा नव्हती. पुढचे दिवस तिनं सकाळी सरकारांजवळ बसून तालीम केली. ती हळू आवाजात नाव सांगायची, सरकार ते मोठ्यानं म्हणायचे. जमत होतं. एखाद्या सकाळी तर ते स्वतःहून हसून म्हणायचे, "शिकलगार, मला काय पोपट समजलात?" अशा सकाळी तिला वाटायचं, सगळं नीट होईल.

दसऱ्याच्या दुपारी सदर भरली. फेटे, धोतरं, काही सफारी, आपट्याची पानं, अत्तराचा वास. सरकारांना गुलाबी फेटा बांधून गादीवर आणलं तेव्हा सगळे उभे राहिले. त्या फेट्याखाली सरकार पूर्वीसारखेच दिसत होते. ताठ पाठ, लोडावर हात. उजवीकडं रणधीरराजे बसले होते. आईसाहेब बाजूच्या दालनात जाळीच्या पडद्याआड होत्या. सलिमानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तबकातला पहिला विडा सरकारांच्या हातात ठेवला.

"इंगवले," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "आप्पासाहेब इंगवले."

समोर आप्पासाहेब इंगवले अर्धवट उठलेच होते. सरकारांनी विडा उचलला, समोर नजर फिरवली आणि खणखणीत आवाजात हाक दिली.

"महालिंग कोरगोंडे!"

सदरेवर चिडीचूप झालं. इंगवले तसेच वाकलेले राहिले. सलिमानं हे नाव कधी ऐकलं नव्हतं. तिनं रणधीरराजांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"इंगवले, सरकार," तिनं पुन्हा सांगितलं.

"महालिंग कुठं आहे?" सरकार तिच्याकडं न बघता म्हणाले. "पहिला विडा पागेचा. तो आल्याशिवाय आम्ही दुसरं नाव घेणार नाही."

रणधीरराजे पुढं झुकून दबक्या आवाजात म्हणाले, "आबासाहेब, पुढचं नाव घ्या."

"आम्ही हुकूम दिलाय," सरकार म्हणाले, आणि विडा मुठीत धरून बसून राहिले.

मागच्या रांगेतून कुजबुज सुरू झाली. इंगवल्यांचा धाकटा भाऊ उठून म्हणाला, "ही काय चेष्टा हाय? बोलवून अपमान करायचा व्हय?" कुणीतरी त्याला खाली ओढलं. जाळीमागून बांगड्या वाजल्या. सलिमा तबक चौरंगावर ठेवून पडद्याशी गेली.

"त्याला घेऊन ये," आईसाहेब म्हणाल्या. "बाळासोला घर ठाऊक आहे. मी तोवर सगळ्यांना सरबत पाठवते. जा."

गाडी कसबा बावड्याकडं निघाली. बाळासो पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता आणि मागं वळून सलिमाला सांगत होता. त्याच्या आवाजानं काचा हादरत होत्या.

"महालिंग आण्णा म्हंजे पागेचा मुख्य. सरकारांची मोतिया घोडी त्येच्याच हातची. एका दसऱ्याच्या तोंडावर युवराज तिला घिऊन उसाच्या शिवारात गेलते. चरात पाय मोडला तिचा. गोळी घालावी लागली. महालिंगानं दारूच्या नशेत दुखऱ्या पायाची घोडी खोगीर घालून दिली, असं युवराज म्हणालं. सरकारांनी ह्याच सदरेवर, समद्यांच्या म्होरं, दारूड्या म्हणून हाकलला त्याला. तवापास्नं पहिला विडा इंगवल्यांचा."

"तो खरंच प्यायचा?"

"लिंगायताचं कडक घर त्ये. म्या चहाबिगर काय पिताना बघितलं न्हाई."

"मग तुम्ही तेव्हा बोलला का नाही?"

बाळासो समोर वळून बसला. काचेकडं बघत म्हणाला, "इचारलं कुणी मला?"

साखर कारखान्याच्या रस्त्याला, नव्या कॉलनीच्या मागं, महालिंग कोरगोंडे यांचं दोन खोल्यांचं घर होतं. ते दारात खाटेवर बसून म्हशीचं दावं वळत होते. सत्तरीच्या घरातला, वाळका पण ताठ माणूस. कपाळावर भस्म, गळ्यात वस्त्रात बांधलेलं इष्टलिंग. सरकारांची गाडी ओळखून ते उठले नाहीत.

"आण्णा, मी सलिमा. सरकारांच्या ऑफिसात असते. सरकारांनी तुम्हाला बोलावलंय."

"कशापायी?"

"सदर भरलीय. पहिल्या विड्याला त्यांनी तुमचं नाव घेतलं. तुम्ही आल्याशिवाय दुसरं घेणार नाही म्हणून बसलेत."

दावं त्यांच्या हातातून खाली पडलं. "सदरेवर घेतलं? माझं नाव? समद्यांच्या म्होरं?"

"हो."

त्यांचे ओठ हलत होते. त्यांनी घराच्या आत पाहिलं, जणू कुणाला तरी हाक मारणार होते, पण आत कुणी नव्हतं. "म्हंजे कळलं त्यास्नी," ते म्हणाले. "शेवटी कळलं की. बायको ह्येच म्हणत म्हणत गेली बघा. एक दिस कळंल म्हणायची. माझ्या थोरलीचं, दानेश्वरीचं, ठरलेलं लगीन त्या पायी मोडलं. दारूड्याची पोरगी कोण करणार? मागनं कबनूरला एका बिजवराला द्यावी लागली." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "थांबा. फेटा बांधतो. अस्सं कसं यायचं?"

ते आत गेले. सलिमा अंगणात उभी राहिली. आता काही बोलण्याची गरजच नव्हती. ते आपणहून येत होते. ते आले की सदर सुरू होणार, नावं होणार, बंगल्याची अब्रू राहणार. नऊ वर्षं तिनं हेच काम केलं होतं, योग्य तेवढंच सांगायचं. तिनं रस्त्याकडं पाहिलं. बाळासो गाडीला टेकून तिच्याकडंच बघत होता.

महालिंग आण्णा फेटा बांधून बाहेर आले. चेहरा उजळला होता.

"आण्णा, बसा जरा," सलिमा म्हणाली.

"आता बसायचं कशाला? सरकार खोळंबल्यात."

"सरकारांना काही कळलेलं नाही." तिनं बाळासोकडं पाठ केली. "त्यांना आजार झालाय. माणसं विसरतात. परवा मला विचारलं, आपण कोण. घोडीचं काय झालं, तुम्हाला हाकललं, हे सगळं पुसलं गेलंय त्यांच्या मनातून. त्यांच्या लेखी तुम्ही अजून पागेवरच आहात. हे बाहेर सांगायचं नाही असा मला हुकूम आहे. पण तुम्ही वेगळंच समजून तिथं आलात तर मला ते बघवणार नाही."

महालिंग आण्णा खाटेवर बसले. चेहऱ्यावरचा उजेड विझायला फार वेळ लागला नाही.

"म्हंजे माफी न्हाईच," ते म्हणाले. "इसरले."

"हो."

"मी एक दिस बी इसरलो न्हाई, आन् त्ये इसरून मोकळं झालं." त्यांनी खाली पडलेलं दावं उचलून खाटेवर ठेवलं. मग विचारलं, "युवराज हाईत काय तिथं?"

"आहेत."

"मग चला."

ते सदरेवर शिरले तेव्हा सरबताचे पेले निम्मे तसेच होते आणि इंगवले मंडळी जायच्या तयारीत उभी होती. महालिंग कोरगोंडे मधल्या वाटेनं चालत आले. जुन्या लोकांनी त्यांना ओळखलं, तशी कुजबुज रांगेरांगेनं पुढं सरकली. सलिमा धापा टाकत गादीमागं जाऊन उभी राहिली. सगळं आता या माणसाच्या हातात होतं. एक वाक्य बोलला असता तरी बंगला उघडा पडला असता.

महालिंगांनी वाकून मुजरा केला.

"उशीर केलास," सरकार म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर साधा, स्वच्छ आनंद होता. "मोतियाचा पाय कसा आहे?"

 सलिमानं डोळे मिटून घेतले.

"सूज उतरलीया, सरकार," महालिंग म्हणाले. "काळजी नसावी."

"तिला शिवारात नेऊ नको. चर आहेत तिकडं."

"व्हय, सरकार. कुणाला नेऊ देणार न्हाई."

सरकारांनी त्यांच्या हातावर विडा ठेवला. मुठीत धरून धरून पान काळं पडलं होतं. महालिंगांनी तो कपाळाला लावला आणि बाजूला झाले. सलिमानं दुसरा विडा दिला. "इंगवले. आप्पासाहेब इंगवले." सरकारांनी हाक मारली. आप्पासाहेब पुढं आले, चेहरा आंबट होता, पण विडा घेतला. मग तिसरं नाव, मग चौथं. शेवटपर्यंत एकही चुकलं नाही. घोडीबद्दल लोक काय समजले कुणास ठाऊक. म्हाताऱ्यांची काही जुनी थट्टा असावी असं निम्म्यांना वाटलं.

सदर उठल्यावर रणधीरराजे ऑफिसात आले. महालिंग तिथं खुर्चीवर बसले होते आणि सलिमा त्यांना पाणी देत होती.

"आण्णा, तुम्ही फार सांभाळून घेतलं," रणधीरराजे म्हणाले. "आबासाहेबांच्या तब्येतीचं तुमच्या ध्यानात आलंच असेल. हे तुमच्यापाशीच राहू द्या. तुम्हाला काही लागलं तर..."

महालिंगांनी पेला टेबलावर ठेवला. "युवराज, सरकार इसरले. आजार हाय, मी समजू शकतो. तुमास्नी तर समदं ध्यानात हाय न्हवं?"

रणधीरराजे टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"त्या सकाळी मी लगाम धरून उभा होतो. म्हणालो, पायाला सूज हाय, नगा नेऊ. तुमी माझ्या हातावर चाबूक मारला. हा बघा, वण अजून हाय. मी सरकारांस्नी काय सांगितलं न्हाई. पोरगं हाय, भेदरलंय, आपणहून सांगंल म्हणून वाट बघितली. पोरगं आता पन्नाशीला आलं."

दारात आईसाहेब उभ्या होत्या. त्या कधी आल्या कुणालाच कळलं नव्हतं. या ऑफिसच्या खोलीत त्यांनी पूर्वी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

"रणधीर," त्या म्हणाल्या, "हे खरं आहे?"

"आईसाहेब, आत्ता हा विषय नको. यांना घरातलं सगळं या बाईंनी सांगितलंय, ते आधी बघा. आजच्या आज यांचा राजीनामा घ्या."

"मी तुला विचारलं."

"लहान होतो मी."

"घोडीवर बसण्याएवढा मोठा होतास." आईसाहेबांनी भिंतीला हात टेकला. सलिमा पुढं झाली, पण त्यांनी तिला नजरेनंच थांबवलं. मग त्या महालिंगांकडं वळल्या. "कोरगोंडे, तुमची मी काय भरपाई करू?"

"भरपाई नगं, आईसाहेब. मला समद्यांच्या म्होरं हाकललं. जे खरं हाय त्ये समद्यांच्या म्होरं सांगा. लई न्हाई मागत."

"मग सरकार स्वतः का सांगत नाहीत, असं लोक विचारतील," रणधीरराजे म्हणाले. "काय उत्तर देणार? काकांना हेच हवंय."

आईसाहेबांनी सलिमाकडं पाहिलं. "तुझं काय मत?"

नऊ वर्षांत त्यांनी तिला निरोप दिले होते, हुकूम दिले होते. मत कधी विचारलं नव्हतं. सलिमानं हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. 

"आईसाहेब, आज निभावलं ते आण्णांमुळं. पुढच्या वर्षी सरकार कुणाला काय म्हणतील, मी सांगू शकत नाही. लपवणं माझं काम आहे, मी करतच आलेय. पण हे आता लपणार नाही. फक्त आपण सांगायचं की दुसऱ्यानं, एवढंच उरलंय. माझी नोकरी गेली तरी चालेल."

"नोकरीचं नंतर बघू," आईसाहेब म्हणाल्या. "पाडव्याला मानकऱ्यांना पुन्हा बोलाव. कारण कळवू नकोस."

रणधीरराजे त्याच संध्याकाळी पुण्याला गेले. पुढचे दिवस त्यांचे फोन येत राहिले, आधी आईसाहेबांना, मग सलिमाला. एकदा ते ओरडले, एकदा अगदी काकुळतीला आले. सलिमा दर वेळी म्हणाली, "मी आईसाहेबांना सांगते," आणि तेवढं तिनं केलंही. दरम्यान भाऊबंदांकडचा एक माणूस फाटकावर दोनदा येऊन बाळासोला पान खायला घालून गेला. आईसाहेबांचा विचार बदलेल असं सलिमाला रोज वाटायचं.

बदलला नाही. दिवाळीच्या पाडव्याला आईसाहेब जाळीमागून बाहेर आल्या आणि गादीशेजारी उभ्या राहिल्या. गादी रिकामी होती. त्यांनी आवाज चढवला नाही, पण मागपर्यंत ऐकू गेलं. सरकारांना विस्मरणाचा आजार आहे आणि ते आता कारभार बघू शकत नाहीत, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "महालिंग कोरगोंडे त्या दिवशी प्यायले नव्हते. ते कधीच प्यायले नाहीत. त्यांनी घोडी नेऊ नका म्हणून सांगितलं होतं. आमच्या मुलानं ऐकलं नाही, आणि नंतर खोटं बोलला. सरकारांनी शहानिशा न करता एका भल्या माणसाला या जागेवरून घालवलं. सरकारांच्या वतीनं मी हात जोडते."

आणि त्यांनी खरोखरच हात जोडले. सगळे बघत राहिले. पहिल्या रांगेतले आप्पासाहेब इंगवले उठले, फेटा सावरला आणि आपली खुर्ची महालिंगांना देऊन मागं जाऊन उभे राहिले.

महालिंग त्या खुर्चीवर बसले नाहीत. ते म्हणाले, "आईसाहेब, माझं झालं. पर माझी पोरगी हितं न्हाई. तिला फोन लावून द्या. मी सांगून उपेग न्हाई, बाप म्हणून म्हणतोय असं वाटंल. तुमीच सांगा."

सलिमानं ऑफिसातून कबनूरचा नंबर लावला. शेजारच्या किराणा दुकानातला फोन होता. दानेश्वरीला बोलावून आणेपर्यंत रिसीव्हरमधून यंत्रमागांचा खडखडाट येत राहिला. आईसाहेब टेबलाच्या कडेला उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पलीकडून बाईचा आवाज आला तेव्हा त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाल्या, "दानेश्वरी, मी शेळवणकरांच्या घरून बोलते." पुढचं ऐकायला सलिमा थांबली नाही.

भाऊबंदांची नोटीस आठवड्याच्या आत आलीच. खटला कित्येक वर्षं चालला, आणि त्याच्या तारखा सांभाळण्याचं कामही सलिमाच्याच वाट्याला आलं. रणधीरराजे पुढच्या दसऱ्यालाही आले नाहीत. विड्याची सदर त्या वर्षापासून बंद झाली.

महालिंग आण्णा बंगल्यावर पुन्हा येणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. पण थंडीत एकदा ते आपणहून आले आणि सरकारांना बघायचंय म्हणाले. सलिमा त्यांना आत घेऊन गेली. सरकारांनी त्यांना ओळखलं नाही. भस्म, पांढरे कपडे आणि गंभीर चेहरा बघून त्यांनी हा कुणी वैद्य असावा असं धरलं आणि जीभ बाहेर काढून दाखवली.

महालिंग आण्णा क्षणभर गोंधळले. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी जीभ नीट निरखून पाहिली, मनगट हातात घेतलं, आणि म्हणाले, "गोड खायाला हरकत न्हाई, सरकार."

"हे बाहेर त्यांना सांगा," सरकार खूष होऊन म्हणाले. "मला कुणी देत नाही."